मधाची बिअर गोड का होत नाही?

घरी पहिल्यांदाच बिअर करणाऱ्याला वाटतं, मध घातला की गोडी येणार. घडतं उलटंच. मधातली साखर मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज; यीस्ट ती जवळजवळ सगळी फस्त करतं आणि बिअर अधिक कोरडी, कडक होते. उरतो सुगंध, पण धान्याच्या उकळत्या काढ्यात मध घातला तर तोही वाफेबरोबर उडतो. म्हणून आंबण्याचा पहिला जोर ओसरल्यावरच मध घालावा. कच्च्या मधातून रानटी यीस्ट शिरेल, ही शंका रास्त आहे. पण तोवर बिअरमध्ये मद्यार्क आणि आम्लता आलेली असते, शिवाय मध आधी 70 अंश सेल्सिअसला थोडा वेळ तापवता येतो. गोडवाच हवा असेल तर ‘हनी माल्ट’ हे मोड आणून वाळवलेलं धान्य वापरावं. त्यात मधाचा थेंबही नसतो. मध घातल्यावर बाटल्या भरायची घाई मात्र जिवावर बेतू शकते: द्रवाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा सलग काही दिवस स्थिर राहिल्याशिवाय भरलेली बाटली वायूच्या दाबाने फुटू शकते.