दोरीवरचे पीक

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. पण प्रवरेच्या वाळूत शिंपले सापडतात, ते आपण पाहिले आहेत. त्यांचे भाईबंद समुद्रातही असतात. त्यांतली एक हिरवट जात खडकाला चिकटून वाढते. मालवणकडे तिला 'शिनाणे' म्हणतात. त्यातले मांस लोक आवडीने खातात.

शिनाणे खडकावरून खरवडून काढतात. लाटेत पाय घसरतो, जिवावर बेतते. शिवाय सारेच काढून नेले, तर पुढे उरणार काय? म्हणून माणसाने त्यांची शेती सुरू केली.

ती कशी करतात, पाहा. खडकावरून बोटाच्या पेराएवढी पिले आणतात. हेच बी. जाड दोरीभोवती ती पसरतात. वरून सुती जाळीचे कापड गुंडाळून शिवतात. १ मीटर दोरीला सुमारे दीड किलो बी लागते. मग खाडीत बांबूंचा मांडव घालतात. आपल्याकडे द्राक्षाचा असतो ना, तसाच. त्याला दोऱ्या टांगतात. दोरीचे टोक तळाला टेकू देत नाहीत; नाही तर खेकडे पीक खातात.

थोड्या दिवसांत कापड कुजते. तोवर पिलांनी अंगातून धागे काढून दोरी घट्ट धरलेली असते.

या पिकाला खत नको, खुराक नको. शिंपला पाणी आत ओढतो, त्यातले बारीक जीव खातो आणि पाणी बाहेर सोडतो. पण मेख इथेच आहे. पाण्यात घाण असेल, तर तीही त्याच्या अंगात साठते. तो खाणारा आजारी पडतो. म्हणून जागा स्वच्छ पाण्याचीच हवी.

केरळात कासरगोड जिल्ह्यात १९९६-९७ च्या सुमारास बायकांच्या गटांनी ही शेती हाती घेतली. २०११ नंतरच्या काही वर्षांत सिंधुदुर्गातल्या बचत गटांनीही ती करून पाहिली.

आपण पावसाची वाट पाहतो. या शेतकऱ्याला मात्र पावसाचा धाक. दिवाळीनंतर तो लावणी करतो. पाचएक महिन्यांत मीटरभर दोरीवर ८ ते १० किलो माल धरतो. तो पावसाआधीच काढावा लागतो. कारण पुराचे गोडे पाणी खाडीत आले, की खारेपणा उतरतो आणि शिनाणे मरतात. आठ दिवसांचा उशीर झाला, तर सारी मेहनत वाया जाते.