पट्ट्यांवरची गाडी आणि वीस सेंटिमीटर बर्फ

केबिन आणि हीटर असलेली साइड-बाय-साइड, म्हणजे शेजारी-शेजारी बसून रस्ता सोडून हिंडायची गाडी, साधारण ९०० किलोची असते. चाके उतरवून त्यांच्या जागी चार रबरी ट्रॅक चढवले की वजनात सुमारे १३० किलोंची भर पडते. थंडीच्या जाड कपड्यांतली दोन माणसे २०० किलो. ४४ लिटरची पेट्रोलची टाकी भरली की आणखी ३० किलो. भोके पाडायचा ऑगर, तंबू, शेगडी, गॅसची टाकी, बॅटरी, मासा दाखवणारे यंत्र, गळ आणि आमिषाची बादली मिळून १५० किलो. बेरीज १,४१० किलो.

उत्तर मिनेसोटात, कॅनडाच्या सीमेवरच्या लेक ऑफ द वुड्सवर हिवाळ्यात मासेमारीला निघालेल्या दोघांचा हा हिशेब आहे. हे तळे सुमारे ४,३५० चौरस किलोमीटरचे. मिनेसोटा, ऑन्टारिओ आणि मॅनिटोबा अशा तिघांत ते वाटलेले आहे आणि त्यात चौदा हजारांहून जास्त बेटे आहेत. डिसेंबर ते मार्च ते गोठलेले असते. लोक त्यावर गाड्या घालतात, भोक पाडतात आणि वॉलआय नावाच्या माशासाठी गळ सोडून बसतात. मासे विकायला कोणी जात नाही. मिनेसोटाच्या बाजूला वॉलआय आणि सॉगर मिळून माणशी सहा मासे ठेवता येतात, त्यांत वॉलआय जास्तीत जास्त चार.

आता या १,४१० किलोंना किती बर्फ लागतो ते पाहू. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधील लॉर्न गोल्ड यांनी १९७१ साली बर्फाच्या भारक्षमतेवर काम प्रसिद्ध केले. त्यातून आलेले सावध सूत्र आजही वापरात आहे. बर्फाची जाडी सेंटिमीटरमध्ये घ्यायची, तिचा वर्ग करायचा आणि ३.५ ने गुणायचे. येईल तेवढे किलो. २० चा वर्ग ४००, गुणिले ३.५, म्हणजे १,४००. आपली गाडी जवळजवळ नेमकी २० सेंटिमीटरवर येऊन थांबते. मिनेसोटाचे नैसर्गिक संसाधन खाते साइड-बाय-साइडसाठी ७ ते ८ इंच, म्हणजे १८ ते २० सेंटिमीटर सांगते. पायी चालणाऱ्याला ४ इंच, स्नोमोबाइलला ५ ते ७ इंच, मोठ्या पिकअपला १६ ते १७ इंच. हे सगळे आकडे नव्या, स्वच्छ, पारदर्शक बर्फाचे आहेत. पांढरा, दुधाळ बर्फ असेल तर जाडी दुप्पट धरावी, असे तेच खाते बजावते.

याच सूत्रात ट्रॅक वजा करून पाहा. चाकांवरची तीच गाडी १,२८० किलोंची, तिला १९ सेंटिमीटर पुरतात. म्हणजे ट्रॅक लावल्यावर बर्फ एक सेंटिमीटर जास्त लागतो.

हा उलटा वाटणारा आकडा मला या संपूर्ण विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ट्रॅकमुळे भार पसरतो, म्हणून पातळ बर्फावरही जाता येते, अशी समजूत अनेकांची असते आणि ती जीवघेणी आहे. भार पसरतो हे खरे. ३० सेंटिमीटर रुंद आणि ८० सेंटिमीटर टेकणारे चार पट्टे धरले तर ९,६०० चौरस सेंटिमीटर होतात. १,४१० किलो त्यावर वाटले की चौरस सेंटिमीटरला १५० ग्रॅमही येत नाहीत. बूट घातलेला ८० किलोंचा माणूस दोन्ही पायांवर उभा असला तरी २०० ग्रॅमच्या आसपास दाब देतो. पण तळ्यावरची बर्फाची चादर फुटते ती टोचून नव्हे, वाकून. २० सेंटिमीटर जाडीची चादर भाराखाली खोलगट होते, तेव्हा तिच्या वाकण्याचा पल्ला पावणेपाच मीटरच्या घरात असतो. आपली गाडी जेमतेम तीन मीटर लांबीची. ती चाकांवर आहे की पट्ट्यांवर, याने बर्फाला फारसा फरक पडत नाही. तो एकूण वजनच पाहतो.

मग ट्रॅक घ्यायचे कशासाठी? बर्फाच्या वर साचलेल्या हिमासाठी.

बर्फाची घनता पाण्याच्या ९२ टक्क्यांच्या आसपास. म्हणून २० सेंटिमीटरची चादर स्वतः तरंगून वर चौरस मीटरला साधारण १६ ते १७ किलोच ओझे घेऊ शकते. त्याहून जास्त झाले की तिचा पृष्ठभाग पाण्याच्या पातळीखाली जातो. वाऱ्याने दाबलेले हिम घनमीटरला २५० किलो धरले तर साडेसहा सेंटिमीटरचा थरच ही मर्यादा गाठतो. बर्फ अर्धा मीटर जाड झाला तरी साडेसोळा सेंटिमीटर हिम पुरते. त्यापुढे भेगांतून आणि आधीच्या भोकांतून पाणी वर येते आणि हिमाखाली चिखल तयार होतो. त्याला तिकडे स्लश म्हणतात. वरून सगळे पांढरेशुभ्र, कोरडे दिसते. चाक आत गेले की घोट्याच्या वर पाणी. उणे २० अंशांत चाक जागच्या जागी फिरत राहते, पाणी ढवळले जाते आणि गाडी सोडून चालत निघावे लागते. भातखाचरात पॉवर टिलरला लोखंडी जाळीची चाके का लावतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला ट्रॅकचे काम वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

ही गरज जुनी आहे. क्वेबेकमधील व्हाल्कूर गावच्या जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए यांचा लहानगा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात दगावला. हिमामुळे त्याला दवाखान्यात नेता आले नाही. बोंबार्डिए यांना १९३७ मध्ये दातेरी चक्र आणि पट्ट्याच्या रचनेचे पेटंट मिळाले. त्यांच्या कारखान्यातल्या बी-१२ नावाच्या बारा माणसांच्या, गोल खिडक्यांच्या गाड्या लेक विनिपेगचे कोळी आणि लेक ऑफ द वुड्सचे रिसॉर्टवाले अजून चालवतात. तळ्यापासून फार दूर नसलेल्या रोझो गावात १९५४ साली पोलॅरिस कंपनी सुरू झाली. ट्रॅकवरच्या वाहनांचा हा सगळा धंदा याच थंड पट्ट्यात वाढलेला आहे.

आता पैसे. पुढचे आकडे ढोबळ आहेत, गाडीचे मॉडेल आणि दुकान यांनुसार बदलतील. बंद केबिन आणि हीटरसह नवी साइड-बाय-साइड २५,००० डॉलर. चार ट्रॅकचा संच आणि त्या मॉडेलसाठीचे जोडणी-साहित्य ५,५०० डॉलर. ट्रॅकसकट गाडी मावेल असा ट्रेलर ३,००० डॉलर. विजेचा ऑगर ५५०, घडीचा तंबू ६००, साधे मासा दाखवणारे यंत्र ५००, ओढायची घसरगाडी ४००, शेगडी १५० आणि पाण्यात तरंगवणारे दोन सूट, हातातले बर्फखिळे व दोर मिळून ७५०. बेरीज ३६,४५० डॉलर. मिनेसोटाचा ६.८७५ टक्के विक्रीकर सरसकट धरला की ३९,००० च्या जवळ. डॉलरला ८५ रुपये धरले तर ३३ लाख.

एवढ्या पैशांत काय मिळते, हे दिवसांच्या हिशेबात पाहावे लागते. गाडी, ट्रॅक आणि ट्रेलर करासह ३५,८०० डॉलरचे. सहा वर्षांनी निम्मी किंमत परत आली तर वर्षाला सुमारे ३,००० डॉलरची घट. विमा, तेल, बेअरिंग, पट्टे यांचे ५०० धरा. शिवाय दर फेरीला पेट्रोल आणि आमिष ४० डॉलर. याउलट रिसॉर्टवाल्याकडे गेलात तर तो त्याच्या ट्रॅकगाडीतून तळ्याच्या मधोमध नेतो, शेगडी पेटवलेली खोली आणि पाडून ठेवलेली भोके देतो. त्याचे माणशी ८५ डॉलर धरले तर दोघांचे १७०. स्वतःची गाडी या भाड्याशी बरोबरी करते ती हंगामातल्या सत्ताविसाव्या दिवशी. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत तेरा आठवडे, म्हणजे शनिवार-रविवार मिळून २६ दिवस. एकही सुटी न चुकवता, एकही वादळ मध्ये न येता दर आठवड्याला तळ्यावर गेले तरी हिशेब एका दिवसाने कमी पडतो.

पण ज्याच्या शेतावर किंवा लाकूडफाट्याच्या कामावर अशी गाडी आधीच आहे, त्याचे गणित निराळे. त्याला फक्त ट्रॅक घ्यायचे आहेत. करासह ५,८८० डॉलर. सहा हंगामांनंतर तिसरा हिस्सा परत आला तर वर्षाला ६५० ची घट, वर १५० ची देखभाल. ८०० डॉलर सात दिवसांत वसूल होतात. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: केवळ बर्फावरच्या मासेमारीसाठी नवी गाडी घेऊ नये; गाडी असेल तर ट्रॅक जरूर घ्यावेत. तेही आपण रस्ता सोडून हिंडणार असू तर. लेक ऑफ द वुड्सवर रिसॉर्टवाले हिम बाजूला सारून बर्फावर रस्ते राखतात आणि त्यांचे शुल्क घेतात. त्या रस्त्याच्या कडेलाच बसायचे असेल तर चाके पुरतात.

जोडणीत वेळ जातो आणि तो द्यावा. ट्रॅक चाकाच्या जागी बोल्टने बसतो, शिवाय प्रत्येक ट्रॅक जागच्या जागी गोल फिरू नये म्हणून एक दांडा गाडीच्या सांगाड्याला बांधलेला असतो. या दांड्याची लांबी कमी-जास्त करून पुढच्या ट्रॅकचे नाक वर-खाली करता येते. नाक जास्त खाली असेल तर ते हिमात रुतते, जास्त वर असेल तर पट्ट्याचा मागचाच भाग टेकतो आणि सुकाणू भरकटते. सपाट फरशीवर गाडी उभी करून दोन्ही बाजू मापाने सारख्या कराव्यात, नजरेने नव्हे. पट्ट्याचा ताणही असाच मोजून घ्यायचा. सैल पट्टा दाते सोडून उड्या मारतो, घट्ट पट्टा बेअरिंग तापवतो आणि पेट्रोल खातो. पहिल्या तासाभराने सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे; नवा रबर बसताना ताण हमखास उतरतो.

ट्रॅकच्या चालकचक्राचा प्रभावी घेर टायरपेक्षा लहान असल्याने गाडी सावकाश जाते आणि वेगाचा काटा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. इंजिनापासून गिअरपर्यंत शक्ती नेणारा रबरी बेल्ट मात्र जास्त राबतो. खोल हिमात लो गिअर टाकायलाच हवा. हाय गिअरमध्ये रेटत राहिलात तर बेल्ट जळल्याचा वास येतो आणि थोड्या वेळात तो तुटतो. सुटा बेल्ट आणि तो बदलायचे हत्यार गाडीत नसेल तर निघू नये. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीवर ट्रॅक चढवूच नयेत, खांदे भरून येतात. आणि हिम नसलेल्या उघड्या, गुळगुळीत बर्फावर लांब पल्ला मारू नये. पट्ट्याच्या आतल्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना हिमाचा ओलावा मिळत नाही, त्या तापून झिजतात.

स्लशमधून आल्यावर गाडी आहे तशी उभी केली तर रात्रीत चारही ट्रॅक दगडासारखे गोठतात. सकाळी चालू करून नेट लावला की पट्ट्याचे आतले दातेच तुटतात. जाणकार माणूस परत आल्यावर आधी कोरड्या हिमात चकरा मारतो, त्यामुळे ओले हिम झडते. मग बोथट लाकडी दांड्याने चाकांमधले उरलेले ढेकूळ पाडतो आणि गाडी फळ्यांवर चढवून ठेवतो. फळ्या नसतील तर पट्टा बर्फाला चिकटतो.

वेगाचा प्रश्न वेगळा. गाडी चालते तशी बर्फाखाली पाण्याची एक लाट तिच्यासोबत चालते. ठराविक वेगाला ही लाट आणि गाडी जुळतात आणि बर्फ नेहमीपेक्षा जास्त वाकतो. म्हणून तळ्यावर तासाला १५ मैलांच्या, म्हणजे २४ किलोमीटरच्या आत राहतात, किनाऱ्याकडे येताना त्याहून सावकाश. सीटबेल्ट न बांधता, खिडकी उघडी ठेवून चालवायचे. दोन गाड्या शेजारी लावायच्या नाहीत. गाडी बुडालीच तर मिनेसोटाच्या कायद्यानुसार ३० दिवसांत ती मालकानेच बाहेर काढायची असते आणि पाणबुडे, क्रेन यांचे बिल त्यालाच येते.

पुरेसा जाड बर्फही एका गोष्टीपुढे हतबल असतो. २८ नोव्हेंबर २०२२ रोजी मिनेसोटातल्याच अपर रेड लेकवर वाऱ्याने बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून तुटला आणि सुमारे २०० माणसे त्यावर अडकली. सगळ्यांना सुखरूप आणले गेले. त्या दिवशी ट्रॅक असते तरी काही उपयोग नव्हता. मध्ये उघडे पाणी होते. हंगामाच्या सुरुवातीला म्हणूनच गाडीचा विचार थोडा लांबवावा. दिवसाचे सरासरी तापमान उणे १० अंश असेल तर तळे गोठल्यापासून २० सेंटिमीटर व्हायला, वर किती हिम आहे त्यानुसार, एक ते दोन आठवडे लागतात. हिम हे पांघरूण आहे, त्याखाली बर्फ हळू वाढतो. तोवर पायी जावे आणि ठरावीक अंतरावर भोक पाडून जाडी मोजावी. एकाच तळ्यावर शंभर पावलांत ती बदलते: झऱ्याच्या तोंडाशी, नदी मिळते तिथे, बेटांमधल्या अरुंद वाटेत, जुन्या दाबभेगेच्या कडेला.

जुना संच घेणाऱ्याने ट्रॅक गाडीवर असताना नव्हे, उतरवून पाहावा. प्रत्येक छोटे चाक हाताने फिरवायचे. खरखर येते ते बेअरिंग पाण्याने खाल्लेले असते. रबरात दोऱ्यांपर्यंत चीर गेली असेल, तर तो पट्टा पुढचा हंगाम काढणार नाही. आणि जोडणीचा दांडा ज्या मॉडेलचा आहे त्याच मॉडेलची आपली गाडी आहे ना, हे आधी विचारावे. नाहीतर स्वस्तात घेतलेल्या संचावर जोडणी-साहित्याचे काही शे डॉलर वेगळे मोजावे लागतात.