मध्यंतरानंतरचं विमान

हिंदी सिनेमा लागतो शुक्रवारी आणि भोसरी-पिंपरी एमआयडीसीतल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी असते गुरुवारी. म्हणजे इथला कामगार थिएटरात शिरतो तेव्हा सिनेमाचा पहिला आठवडा संपत आलेला असतो आणि कँटीनमध्ये त्याचा निकालही लागलेला असतो. २९ एप्रिल २०२२ला आलेल्या 'रनवे ३४'च्या वाट्याला असाच निकाल आला. शेजारच्या पडद्यावर 'केजीएफ'चा दुसरा भाग गर्दी खेचत होता, 'हीरोपंती २' त्याच दिवशी लागला होता. अजय देवगणच्या या सिनेमाबद्दल देशभरातल्या परीक्षणांचा सूर साधारण एकच होता: मध्यंतरापर्यंत श्वास रोखून बघावा, पुढे मात्र रेंगाळतो. आकाशातला भाग आवडला, चौकशीचा भाग नाही.

हवाई वाहतूक नियंत्रणाभोवती फिरणाऱ्या बहुतेक थरारपटांचं हेच होतं. त्यात प्रेक्षकाची चूक किती आणि सिनेमावाल्यांची किती, हे पाहायला हवं.

'रनवे ३४'च्या मुळाशी खरी घटना आहे. ऑगस्ट २०१५मध्ये दोह्याहून कोचीला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानाला खराब हवामानात धावपट्टीच दिसेना. कोचीला तीनदा उतरायचा प्रयत्न फसला, विमान तिरुवनंतपुरमकडे वळलं, तिथेही तीनदा तेच झालं. इंधन जवळजवळ संपत आलेलं असताना सातव्या प्रयत्नात चाकं जमिनीला टेकली. पटकथालेखकाला आयता मिळालेला पूर्वार्ध!

नावातला '३४' हा धावपट्टीचा क्रमांक. होकायंत्रावरच्या दिशेचे अंश घ्यायचे, शेवटचं शून्य काढून टाकायचं. ३४ म्हणजे साधारण ३४० अंशांची दिशा. पुण्याच्या लोहगावला एकच धावपट्टी आहे. तिचं एक टोक १०, दुसरं २८. पश्चिमेकडून '१०'वर उतरणारी विमानं पिंपरी-चिंचवडच्या दक्षिण भागावरून खाली येतात. कासारवाडी, पिंपळे गुरवच्या गच्च्यांवरून त्यांची बाहेर आलेली चाकं सहज दिसतात. त्या विमानांशी बोलणारा आवाज हवाई दलातल्या नियंत्रकाचा असतो, कारण लोहगाव हा मुळात लष्करी तळ आहे. सुखोई आणि प्रवासी विमानं एकाच पट्टीवर, एकाच टॉवरच्या नजरेखाली. 

पडद्यावरचा नियंत्रक मात्र घामाघूम असतो. १९९८च्या 'ग्राउंड कंट्रोल'मध्ये वादळी रात्र, गेलेली वीज आणि जुन्या अपघाताचं ओझं घेऊन परतलेला कीफर सदरलंड आहे. १९९०च्या 'डाय हार्ड २'मध्ये तर दहशतवादी वॉशिंग्टनच्या विमानतळाची यंत्रणाच ताब्यात घेतात आणि वर विमानं इंधन संपेपर्यंत घिरट्या घालत राहतात. या सिनेमावर प्रेक्षकांनी घेतलेले आक्षेप सिनेमाइतकेच मजेदार आहेत. पहिला प्रश्न अगदी सरळ: ही विमानं जवळच्या दुसऱ्या विमानतळावर का जात नाहीत? पर्यायी विमानतळ गाठण्यापुरतं इंधन सोबत असावं, असा नियमच आहे. त्याहून बारीक नजरेच्या मंडळींनी तर वॉशिंग्टनमधल्या सार्वजनिक टेलिफोनवर कॅलिफोर्नियातल्या कंपनीचं नाव शोधून काढलं. चाकणच्या इन्स्पेक्शन टेबलावर दिवसभर डोळे लावून बसणाऱ्याला ही चिकाटी परकी वाटू नये.

प्रत्यक्षातलं काम ओरडाआरडीचं नाही. नियंत्रक उंची, दिशा किंवा वेग सांगतो; वैमानिक तेच शब्द परत म्हणून दाखवतो; नियंत्रक ते बरोबर आहे ना हे ऐकतो. दिवसभर हेच. सूचना ऐकणं आणि ती पाळणं यांत मात्र फट राहू शकते, आणि आपल्या देशातला सर्वांत भीषण विमान अपघात त्याच फटीत घडला.

१२ नोव्हेंबर १९९६ची संध्याकाळ. दिल्लीहून सौदी अरेबियाचं जम्बो जेट वर चढत होतं, त्याला १४ हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं. समोरून कझाकस्तानचं इल्युशिन खाली येत होतं, त्याला मर्यादा होती १५ हजारांची. मधे हजार फुटांचं अंतर, म्हणजे कागदावर सगळं ठीक. समोरून विमान येतंय, हेही नियंत्रकाने कझाक वैमानिकांना सांगितलं होतं. तरी इल्युशिन १५ हजारांच्या खाली उतरलं आणि हरियाणातल्या चरखी दादरीजवळ दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. ३४९ माणसं गेली, वाचलं कुणीच नाही. नियंत्रकाच्या पडद्यावर दोन ठिपके दिसत होते, पण ठिपका किती उंचीवर आहे हे सांगणारं दुय्यम रडार तेव्हा वापरात आलेलं नव्हतं. शिवाय दिल्लीचं बरंचसं आकाश हवाई दलाकडे असल्याने प्रवासी विमानांना येण्या-जाण्यासाठी एकच मार्ग होता.

न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या चौकशीत कझाक विमान परवानगीविना खाली आल्याचं निष्पन्न झालं. पण गोष्ट तिथे संपली नाही. येण्याचे आणि जाण्याचे मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारं रडार आलं, आणि समोरच्या विमानाची चाहूल लागताच वैमानिकाला 'वर जा' किंवा 'खाली जा' असं सांगणारी यंत्रणा विमानांमध्ये सक्तीची झाली.

ही यंत्रणा दोन्ही विमानांत असूनही १ जुलै २००२च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगनवर दोन विमानांची टक्कर होऊन ७१ जण मेले. झ्युरिकच्या नियंत्रण कक्षातला सहकारी विश्रांतीला गेलेला, त्यामुळे एकटा नियंत्रक दोन जागा सांभाळत होता. देखभालीचं काम चालू म्हणून मुख्य फोन बंद, धोक्याचा इशारा देणारी पडद्यावरची सोयही बंद. त्याने रशियन विमानाला खाली यायला सांगितलं. त्याच क्षणी विमानातली यंत्रणा 'वर जा' म्हणत होती. वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. पुढे या अपघातात कुटुंब गमावलेल्या एका बापाने २००४मध्ये त्या नियंत्रकाचा खून केला. २०१७चा 'आफ्टरमॅथ' या घटनेवरच बेतलेला, त्यात तो शोकाकुल बाप अर्नोल्ड श्वार्झनेगर. सिनेमा सूडाभोवती फिरतो. स्विस न्यायालयाने मात्र २००७मध्ये नियंत्रण कंपनीच्या चार व्यवस्थापकांना दोषी धरलं. नाइट शिफ्ट, एक माणूस, दोन मशिनं, अलार्म बायपास केलेला: चाकणमधल्या कुठल्याही सेफ्टी ऑफिसरला यातली दोषी जागा दाखवायला सिनेमाची गरज नाही. आता नियम स्पष्ट आहे, दोन सूचना उलट आल्या तर वैमानिकाने विमानातल्या यंत्रणेचं ऐकायचं.

घराजवळचे प्रसंगही आहेत. फेब्रुवारी २०२०मध्ये लोहगावहून दिल्लीला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानासमोर धावपट्टीवर जीप दिसली. वैमानिकाने ठरल्याआधीच विमान उचललं, मागचा भाग घासला, विमान दिल्लीत सुखरूप उतरलं. ८ जून २०२४ला मुंबईत एक विमान उड्डाण घेत असतानाच त्याच पट्टीवर मागून दुसरं उतरलं. ती चित्रफीत लाखोंनी पाहिली आणि प्रत्येकाने आपला निकाल दिला. नियंत्रकाला कामावरून बाजूला केलं, चौकशी सुरू झाली. चित्रफितीत थरार होता, पुढच्या कागदांत नव्हता, म्हणून पुढचं फारसं कुणी विचारलं नाही.

चौकशीच्या भागावरून 'सली' या सिनेमाबद्दलही कुरकुर झाली होती. २००९मध्ये हडसन नदीवर विमान उतरवून १५५ जणांना वाचवणाऱ्या वैमानिकाची ही गोष्ट, पण सिनेमाला खलनायक हवा म्हणून चौकशी अधिकाऱ्यांना खडूस दाखवलं, अशी तक्रार खुद्द चौकशी संस्थेतल्या मंडळींनी केली. 'रनवे ३४'मध्ये अमिताभ बच्चन शुद्ध हिंदीत उलटतपासणी घेतात. ऐकायला झकास, पण ते कोर्ट आहे, चौकशी नव्हे. विमान अपघाताच्या तपासाचा आंतरराष्ट्रीय दंडकच असा, की हेतू पुन्हा तसं घडू नये हा असावा, दोष ठरवणं हा नव्हे. इथल्या औद्योगिक पट्ट्यातल्या वाहन कारखान्यांत एक पार्ट रिजेक्ट झाला तरी 'व्हाय-व्हाय' करायला बसवतात: का? मग ते का? मग तेही का? पाचव्या 'का'पर्यंत ऑपरेटरचं नाव मागे पडतं आणि फिक्श्चर, ट्रेनिंग, शिफ्ट बदलताना राहून गेलेला निरोप पुढे येतो. मध्यंतरानंतर कंटाळलेल्या गुरुवारच्या प्रेक्षकाला हे पडद्यावर मिळालंच नव्हतं. त्याला 'कोण?' एवढंच दाखवलं गेलं, आणि त्याचं उत्तर तर पूर्वार्धातच माहीत होतं.

पडद्यावर न येणारं काम मात्र चालूच असतं. नोव्हेंबर २०२५मध्ये दिल्लीत नियंत्रकांना उड्डाणांची माहिती आपोआप पोचवणारी संदेश-यंत्रणा बिघडली. आठशेहून अधिक विमानं रखडली, प्रवासी वैतागले, आणि नियंत्रकांनी आराखडे हाताने भरत एकेक विमान सोडलं.