विटांची पाठशाळा

वॉशिंग्टन शहरात लाल विटांची जी प्रचंड इमारत आज राष्ट्रीय स्थापत्य-संग्रहालय म्हणून ओळखली जाते, ती मुळात निवृत्तिवेतनाची सरकारी कचेरी होती. यादवी युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांचे आणि मृतांच्या विधवांचे अर्ज तपासून मंजूर करणाऱ्या शेकडो कारकुनांसाठी जनरल मॉन्टगोमेरी मेग्ज यांनी १८८२ ते १८८७ या काळात ती बांधली. पुढे ती पाडण्याचाही विचार झाला. परंतु १९८० साली तेथे संग्रहालय स्थापण्याचा कायदा झाला, आणि १९८५ साली त्याची दारे लोकांना खुली झाली.

इतर संग्रहालयांत वस्तूला हात लावणे हा अपराध ठरतो. येथे वास्तू हीच मुख्य वस्तू असल्यामुळे, शाळकरी मुलांना तिचे ज्ञान हातांनीच करून देणे हा मला सर्वांत शहाणपणाचा मार्ग वाटतो. ३१६ फूट लांबीच्या मध्यवर्ती दालनात ७५ फूट उंचीचे आठ स्तंभ आहेत. दुरून पाहणारा त्यांना संगमरवरी समजतो. पाचसहा मुलांनी हात पसरून साखळी केली, तर जेमतेम एकाच्या बुंध्याला वेढा पडतो. आणि आत सुमारे सत्तर हजार विटा असून वर केवळ गिलावा आणि रंग आहे, हे कळल्यावर ‘मग दगडच का वापरला नाही?’ हा प्रश्न आपोआप उद्भवतो. त्याच्या उत्तरात काटकसर येते, दफ्तराला आगीपासून वाचवण्याची चिंता येते, म्हणजे स्थापत्यशास्त्राचा अर्धा भाग येतो.

खिडक्यांखाली विटा गाळून ठेवलेली भोके दाखवली, की उरलेला अर्धा. त्यांतून बाहेरची हवा खोल्यांत शिरे, तेथून दालनात येऊन तापून वर चढे आणि उंचावरील झरोक्यांवाटे निघून जाई. आपल्या वाड्यातील चौकाचेच हे तत्त्व. जिन्याच्या पायऱ्या इतक्या रुंद आणि ठेंगण्या आहेत, की त्यांचा अर्थ डोळ्यांआधी गुडघ्यांना समजतो.

बाहेरच्या भिंतींवरून बाराशे फूट लांबीचा, भाजलेल्या मातीचा शिल्पपट्ट फिरतो. शिल्पकार कॅस्पर ब्यूबर्ल यांनी त्यात पायदळ, घोडदळ, आरमार तर कोरलेच; पण गुलामगिरीतून सुटलेला एक कृष्णवर्णीय गाडीवानही तेथे असलाच पाहिजे, असा मेग्ज यांचा आग्रह होता. इमारत कोणाची आठवण ठेवते, हेही स्थापत्याच्याच शिक्षणात मोडते. आणि पुष्कळ पाठ्यपुस्तकांत नेमके तेच गळते.

कमानीचा धडा मात्र सांगून उमजत नाही. दोन्ही बाजूंनी ठोकळे रचीत आणावेत, कळीचा ठोकळा बसेपर्यंत साचा काढू नये, आणि मग तो काढावा. भार बाजूंना कसा ढकलला जातो, हे ज्याने पायथ्याला तळहात लावून अनुभवले, त्याला आकृतीची गरज उरत नाही.

थोड्या मोठ्या वयाच्या मुलांना संग्रहालय उन्हाळ्यात बाहेर धाडते. कॅमेरा घेऊन ती शहरातील वस्त्या हिंडतात, रहिवाशांशी बोलतात, टिपणे लिहितात, आणि शेवटी त्या साऱ्याचे प्रदर्शन संग्रहालयाच्याच दालनात स्वतःच्या हातांनी मांडतात.