जुनी वस्तू घेताय? आधी वय विचारा!

पहिल्या पगारातून एखादे जुने चित्र किंवा पितळी मूर्ती घ्यावी, असे अनेक तरुणांना वाटते. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार येथे ही हौस भागते. पण घासाघीस करण्यापूर्वी हे वाचा.

कायदा काय सांगतो?
१९७२ च्या कायद्यानुसार किमान १०० वर्षे जुनी मूर्ती किंवा चित्र 'पुरावशेष' ठरते. त्याच्या व्यापारासाठी परवाना लागतो, मूर्ती-चित्रांची नोंदणीही आवश्यक असते. विक्रेता 'दोनशे वर्षे जुनी' म्हणाला, तर कागद मागा. कागद नसेल, तर वस्तू नवी तरी असेल किंवा व्यवहार बेकायदा तरी.

अस्सल कसे ओळखाल?
राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातील शिळाछाप चित्रांच्या नकला भरपूर मिळतात. भिंगातून पाहा. ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली, तर ती नंतरची ऑफसेट छपाई. शिळाछापातील ठिपके अनियमित असतात.

स्वस्तात काय घ्याल?
कला महाविद्यालयांच्या प्रदर्शनांतील विद्यार्थ्यांची मुद्राचित्रे. खाली सही आणि '५/२५' असेल, तर २५ प्रतींपैकी ती पाचवी. पावती जपा, उद्या विकताना तीच साक्षीदार.