रांगणारे मूल आणि घरातील कीटक

घरात झुरळ, मुंग्या किंवा घोण दिसली की एखादे जालीम औषध आणून टाकणे, हा आपल्याकडे सर्रास योजला जाणारा उपाय होय. पूर्वीच्या चिऱ्यांच्या घरात असे औषध गोठ्यात वा मांगरात ठेवता येई. आज पेडणे, डिचोली, साखळी येथील अनेक कुटुंबे दोन खोल्यांच्या सदनिकेत राहतात. तेथे स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि बाळाचे अंथरूण यांत दहा पावलांचेही अंतर नसते. ज्या जमिनीवरून कीटक फिरतात, तिच्यावरच मूल रांगते आणि हाती लागेल ते तोंडात घालते. म्हणून ‘औषध कोणते?’ या प्रश्नाआधी ‘ते मुलाच्या हाती लागेल काय?’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

अर्थात, कीटकांकडे दुर्लक्ष करणेही योग्य नव्हे. झुरळ गटारातील जंतू अन्नावर आणते. शिवाय त्याची विष्ठा, लाळ व कात यांतील प्रथिने धुळीत मिसळून दमा बळावतो. अमेरिकेतील आठ शहरी भागांतील मुलांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. झुरळांची ॲलर्जी असलेल्या ज्या दमेकरी मुलांच्या शयनगृहात या प्रथिनांचे प्रमाण जास्त होते, त्यांना रुग्णालयात अधिक वेळा दाखल करावे लागले, असे त्यात आढळले.

प्रथम शत्रूची ओळख हवी. स्वयंपाकघरात दिसणारे अर्ध्या इंचाचे, पाठीवर दोन काळसर रेघा असलेले झुरळ ‘जर्मन’ म्हणून ओळखले जाते. मात्र २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार त्याचे मूळ भारत-म्यानमार परिसरातीलच आहे. त्याच्या मादीच्या एका अंडकुपीतून तीस-चाळीस पिले निघतात. ते बहुधा पुठ्ठ्याचे खोके, किराणा किंवा जुनी यंत्रे यांतून घरात येते. दीड इंचाचे मोठे तांबूस झुरळ मात्र गटारातून वर चढते. न्हाणीच्या ट्रॅपमध्ये साचलेले पाणी त्याची वाट अडवते. घर काही दिवस बंद राहिले की ते पाणी आटते व वाट मोकळी होते. यासाठी न वापरलेल्या न्हाणीतही आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतावे आणि तोंडावर बारीक जाळी बसवावी.

अन्न, पाणी व आडोसा या तीन गोष्टी तोडल्या की निम्मे काम औषधाविना होते. पावसाळ्यापूर्वी भरलेले पुरुमेंताचे सामान, म्हणजे सुके बांगडे, सोलां, मिरच्या, घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवावे. खोकी व गोणपाट घरात साठवू नयेत. जर्मन झुरळ अन्नाविना बराच काळ तगते, पण पाण्याविना दोन आठवड्यांपलीकडे क्वचितच जगते. म्हणून गळका नळ दुरुस्त करावा आणि रात्री सिंक कोरडे पुसावे. नळ्यांभोवतीच्या फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवाव्यात. मुंग्यांची रांग साबणाच्या पाण्याने पुसून त्यांचे भोक बंद करावे. तळमजल्यावर दाराच्या खाली रबरी पट्टी लावल्यास घोण व विंचू अडतात. तरीही पावसाळ्यात मुलांचे बूट झटकूनच घालावेत.

एवढे करूनही झुरळे राहिली, तर फवाऱ्यापेक्षा फिप्रोनिल अथवा इमिडाक्लोप्रिडयुक्त जेल बरे. त्याचे टाचणीच्या डोक्याएवढे थेंब कपाटाच्या बिजागऱ्यांत, मुलाचा हात पोहोचणार नाही अशा जागी लावावेत. त्यावर फवारणी करू नये. झुरळे मग जेलकडे फिरकत नाहीत.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. कीटकनाशक खडू मुलाला पाटीवरच्या खडूसारखाच वाटतो. बोरिक पावडरीच्या कणकेत वळलेल्या गोळ्या त्याला खाऊ वाटतात. डांबरगोळीतील नॅप्थलीनमुळे जी-६-पीडी विकराची कमतरता असलेल्या बालकाच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र रक्तक्षय होतो. काजूच्या बागेसाठी आणलेले औषध सदनिकेत फवारणे किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवणे तर प्राणघातकच. धान्यातील सेल्फॉसची गोळी ढेकणांसाठी वापरल्यास तिचा फॉस्फिन वायू शेजारच्या सदनिकेतही शिरतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईजवळील कुंद्रत्तूर येथे उंदरांसाठी घरात ठेवलेल्या विषाने दोन बालके दगावली, हे विसरता येणार नाही.

मुलाने काही खाल्ल्याचा संशय आल्यास उलटी करवू नये. मिठाचे पाणी, दूध वा तूप पाजू नये. नॅप्थलीन आणि उंदराच्या पेस्टमधील पिवळा फॉस्फरस स्निग्ध पदार्थांमुळे अधिक शोषले जातात. कपडे काढून अंग साबणाने धुवावे, औषधाचे वेष्टन सोबत घ्यावे आणि १०८ ला दूरध्वनी करावा. फॉस्फरस पोटात गेलेले मूल पहिल्या दिवशी ठणठणीत दिसू शकते व नंतर यकृत निकामी होते. त्यामुळे त्याला लगेच घरी पाठवू नये. विंचूदंशानंतर दरदरून घाम व हातपाय गार पडणे ही धोक्याची लक्षणे होत. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेला प्राझोसिनचा उपचार अशा वेळी जीवदान देतो, मात्र तो वेळेवर मिळाला पाहिजे.

चतुर्थीपूर्वी आपण घराचा कानाकोपरा झाडतो. त्याच वेळी प्रत्येक घराने खाली बसून, मुलाच्या उंचीवरून एकदा जमिनीकडे पाहावे. तेथे जे विष हाती लागेल, ते प्रथम घराबाहेर काढावे. झुरळांचा समाचार त्यानंतर घ्यावा.