‘डेउस एक्स’: पहिला आणि दुसरा

अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या ‘आयन स्टॉर्म’ स्टुडिओचा ‘डेउस एक्स’ २००० साली आला. गेम नेमबाजीचा, पण नेम स्थिर धरण्याचं कसबही इथे गुण खर्चून कमवावं लागतं. पहिला टप्पा न्यूयॉर्कच्या लिबर्टी बेटावर. तिथल्या पुतळ्यात पुढच्या दाराने लढत शिरा, नाहीतर मागच्या पेट्यांवर चढून गुपचूप वर जा. गेम अडवत नाही.

२००३ च्या दुसऱ्या भागात, ‘इन्व्हिजिबल वॉर’मध्ये, हा ऐसपैसपणाच गेला. तो पीसीबरोबर एक्सबॉक्ससाठीही बनवलेला, आणि एक्सबॉक्सची मेमरी अवघी ६४ एमबी. त्यामुळे जागा आक्रसल्या, जरा पुढे गेलं की पुन्हा लोडिंग. कौशल्यांची पद्धत रद्द. सगळ्यात खटकला तो सामाईक दारूगोळा: पिस्तूल असो वा रॉकेट लाँचर, साठा एकच. तो संपला की सगळ्याच बंदुका थंड! मग शस्त्र निवडण्यात मजा ती काय राहिली? भांडणाऱ्या गटांमधून आपली बाजू निवडण्याची मोकळीक तेवढी (हे मान्य करायला हवं) टिकून राहिली.

स्टुडिओ २००५ मध्ये बंद झाला. आज खेळायचाच तर पहिला घ्या; ग्राफिक्स जुनाट दिसतील, तेवढं चालवून घ्या.